नवी आवृत्ती, दिलेला शब्द

माझे अब्बा छापखान्यात खिळे जुळवायचे. तालुक्याच्या गावातला तो एकुलता एक छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक, एवढाच त्याचा पसारा. त्यातलं एक पुस्तक मात्र नेमाचं होतं. गावातल्या भजनी मंडळाची अभंगांची पुस्तिका. दर दोन-तीन वर्षांनी आषाढीच्या आधी मंडळाची माणसं यायची, जुनी प्रत टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, 'अश्शीच काढा.'

एका वर्षी मालकांना हौस आली. नवा ठसठशीत टाइप आला होता. पुस्तिका त्या टाइपात काढली, मध्ये मध्ये चार अभंग वाढवले, मुखपृष्ठ रंगीत केलं. पुस्तिका देखणी झाली, मंडळ खूष झालं. आठवड्याभरात विणेकरी बुवा छापखान्याच्या दारात उभे. म्हणाले, 'पान बारा म्हटलं की आमची निम्मी माणसं एक अभंग उचलतात अन् निम्मी दुसरा. एकादशीला हसं झालं आमचं.' निम्म्यांकडे जुनी प्रत होती, निम्म्यांकडे नवी. अभंगांत काडीची चूक नव्हती, तरी भजन मोडलं होतं.

पुढच्या खेपेला अब्बांनी मालकांना एक युक्ती सुचवली. प्रत्येक अभंगाला क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक पुन्हा कधीच बदलायचा नाही. पान कुठेही जावो, टाइप कोणताही येवो, नवे अभंग शेवटी जोडायचे. त्या दिवसापासून बुवा पानाऐवजी क्रमांक सांगू लागले. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. या गोष्टीचा आणि संगणकाचा काही संबंध असेल, असं मला वाटायचं कारण नव्हतं.

संबंध जुळला तो २०२२ साली. माझा एक कविमित्र गेला. त्याच्या पश्चात वहिनी एक सीडी घेऊन माझ्याकडे आल्या. तिच्यावर २००३ साली डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतलेल्या त्याच्या कविता होत्या. हस्तलिखित राहिलं नव्हतं. संगणकावर फाइल उघडली तर रोमन अक्षरं, चिन्हं, डॉलर, टोप्या यांचा काला. मला नवल वाटलं नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकांचे असेच प्रकार असत. प्रत्येक टंकाने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने देवनागरी तुकडे बसवलेले, आणि कुठल्या जागी कोणता तुकडा आहे याचा तक्ता सहसा हाती लागत नसे.

माझ्या स्वतःच्या पहिल्या संग्रहाची फाइल अशीच निकामी झाली होती. तेव्हा, २०११ साली, पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून ती वाचवली होती. छापील संग्रह एका हाताला, फाइल दुसऱ्या हाताला, असं ताडून आम्ही दोघांनी तक्ता तयार केला होता. मित्राची सीडी त्याच टंकातली. मी वहिनींना म्हटलं, 'काळजी करू नका, आपल्याकडे किल्ली आहे.'

भाच्याने तो प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवला. पहिल्या ओळीलाच तो थांबला. फोनवर भाचा म्हणाला, 'मामू, प्रोग्रॅम बरोबर आहे. भाषेची आवृत्ती बदललीय.'

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. पण या वाक्याने मला झोप लागू दिली नाही. भाषा बदलते म्हणजे काय? आपलीही भाषा बदलते. १९६२च्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले, तरी त्याआधीचं पुस्तक आपण अडखळत का होईना वाचतो. आपण अंदाज करतो, सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही. प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणजे यंत्राला काम सांगण्यासाठी माणसांनी ठरवलेले शब्द आणि त्यांचं व्याकरण. ती यंत्राला समजेल अशी करून देणारा एक दुभाष्या असतो, कंपायलर किंवा इंटरप्रिटर नावाचा. नवी आवृत्ती येते तेव्हा हा दुभाष्या बदलतो. त्याला जुने शब्द कळेनासे झाले, तर जुनं लिहिलेलं सगळं मुकं. म्हणून मी या आवृत्त्यांचा इतिहास वाचायला घेतला. त्यात मला दिसलं ते आज सांगतो.

सुरुवात फोरट्रानपासून करू. न्यूयॉर्कमध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी १९५४पासून ही भाषा घडवत होते. तोवर यंत्राला अंकांच्या किंवा त्याहून थोड्याच सुगम अशा संकेतांच्या रूपात काम सांगावं लागे. गणिताच्या सूत्रासारखं लिहावं आणि यंत्राने ते स्वतः उतरवून घ्यावं, ही कल्पनाच पुष्कळांना पटत नव्हती. काम लांबत गेलं. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कंपायलर गिऱ्हाइकांच्या हाती पडला एप्रिल १९५७मध्ये, आणि भाषेची नियमपुस्तिका छापून तयार होती ऑक्टोबर १९५६मध्ये. जेमतेम ५१ पानांची, पण यंत्र हाती येण्याआधी सहा महिने व्याकरण हाती होतं.

तरी व्हायचं ते झालंच. पिट्सबर्गजवळ वेस्टिंगहाउस कंपनीची बेटिस प्रयोगशाळा होती. तिथे एक दिवस छिद्रकार्डांची एक पेटी आली. वर नाव नाही, आत चालवायच्या सूचना नाहीत. तिथल्या मंडळींनी तर्क केला, हा बहुधा आपण वाट पाहतोय तो फोरट्रान असावा. त्यांनी आपला एक प्रोग्रॅम त्याच्या तोंडी दिला. यंत्राने काम थांबवलं आणि एक वाक्य छापलं : अमुक जागी कंसानंतर स्वल्पविराम राहिला आहे. स्वल्पविराम घातला, प्रोग्रॅम चालला. प्रूफं तपासणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हा प्रसंग फार आवडतो. पेटीसोबत कागद नव्हता ही चूक. पण चूक नेमकी कुठे आहे हे सांगायची सोय बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती, हे शहाणपण.

पुढच्या पाच वर्षांत याच फोरट्रानने दुसरा धडा दिला. १९५८मध्ये दुसरी आवृत्ती आली, १९६२मध्ये चौथी. चौथी दुसरीशी पूर्ण जुळत नव्हती. जुने प्रोग्रॅम नव्यात उतरवण्यासाठी वेगळा भाषांतर करणारा प्रोग्रॅम लिहावा लागला. तोवर इतर कंपन्यांनीही आपापले फोरट्रान काढले होते, प्रत्येकाची बोली निराळी. अखेर १९६६मध्ये अमेरिकेत फोरट्रानचं प्रमाण व्याकरण ठरलं. उच्च पातळीवरच्या संगणकभाषेसाठी असं प्रमाण ठरण्याची ती पहिलीच वेळ.

दरम्यान व्याकरण लिहावं कसं, याचाही विचार चालला होता. १९६० साली पॅरिसच्या बैठकीनंतर अल्गोल नावाच्या भाषेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक डेन्मार्कचे पीटर नाउर. भाषेतलं वाक्य कसं बनतं, हे त्यात नेमक्या सूत्रांत मांडलं होतं. ती पद्धत बॅकस यांनी सुचवलेली, नाउर यांनी घासूनपुसून घेतलेली. १९६७मध्ये पीटर इंगरमन यांनी एका पत्राद्वारे सुचवलं, की या पद्धतीला पाणिनीचं नाव जोडावं, कारण तिच्या जवळ जाणारी सूत्रं त्याने संस्कृतासाठी कधीच केली होती. गंमत म्हणजे अल्गोलमध्ये फार मोठे प्रोग्रॅम लिहिले गेले नाहीत, पण तिचा अहवाल पुढच्या कित्येक भाषांनी गिरवला. भाषा मागे पडली, तिचं लिखित व्याकरण उरलं.

नीट लिहून ठेवणं ही एक बाजू झाली. लिहिल्याप्रमाणे घडतं की नाही हे तपासणं ही दुसरी. इथे कोबोलची गोष्ट येते. बँका, विमा, पगारपत्रकं, सरकारी खाती अशा कामांसाठी ही भाषा १९५९मध्ये आखायला घेतली. ती कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चालावी हा तिचा मूळ दावा. डिसेंबर १९६०मध्ये जवळजवळ एकच प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन निराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून हा दावा खरा करून दाखवला गेला. पण एकदा दाखवणं वेगळं आणि रोज पाळणं वेगळं. प्रत्येक कंपनी 'आमचा कंपायलर कोबोलचाच' असं म्हणायची, आणि प्रोग्रॅम मात्र इकडचा तिकडे चालायचा नाही.

या भाषेच्या घडणीवर ज्यांच्या विचारांचा मोठा ठसा होता, त्या ग्रेस हॉपर अमेरिकी नौदलात होत्या. साठीला निवृत्त झाल्या आणि १९६७मध्ये नौदलाने त्यांना परत बोलावलं, ते हा घोळ निस्तरायला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणीचे प्रोग्रॅम तयार केले. कंपनी काय म्हणते ते राहू द्या, तुमच्या कंपायलरमधून हे प्रोग्रॅम जाऊ द्या आणि उत्तरं दाखवा. आमच्या बाजारात वजनमापवाले येऊन तराजूवर शिक्का मारून जात, तसंच हे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पुढे एडा ही भाषा आणली, तेव्हा तर अशा चाचण्यांच्या मोठ्या संचातून पार पडल्याशिवाय कंपायलरला एडा हे नाव लावू दिलं नाही. त्या कसोटीला प्रथम उतरलेला कंपायलर न्यूयॉर्क विद्यापीठातला, १९८३ सालचा.

कोबोलच्याच बाबतीत आणखी एक घडलं. भाषेचं नवं प्रमाण ठरवताना जुन्या प्रोग्रॅमना धक्का लावणारे बदल पुढे आले. १९८१मध्ये एका मोठ्या विमा कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर विरोध केला. आमचे लक्षावधी ओळींचे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा खर्च कोण देणार, हा त्यांचा सवाल. वाद वर्षानुवर्षं चालला आणि ते प्रमाण १९८५मध्ये आलं. भाषा सुधारू पाहणाऱ्यांना हा अधिकारी अडाणी वाटला असेल. मला त्याच्या जागी विणेकरी बुवा दिसतात. नव्या टाइपाशी त्यांचं वैर नव्हतं. एकादशीचं भजन नीट व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता ज्या माणसाची गोष्ट सांगायला मी अधीर झालोय, तो डोनाल्ड कनूथ. स्टॅनफर्ड विद्यापीठातले गणिती आणि संगणकशास्त्राचे अध्यापक. त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचे पहिले खंड शिशाच्या खिळ्यांनी छापले होते. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती, १९७७ साली तिची प्रूफं आली ती नव्या फोटो-टाइपसेटिंगची. अक्षरं पाहून कनूथ यांचं मन विटलं. एखाद्याने प्रकाशकाला कडक पत्र लिहिलं असतं. यांनी हातातलं लेखन बाजूला ठेवलं आणि मजकूर व सूत्रं पानावर कशी बसवायची हे सांगणारी एक भाषाच तयार करायला घेतली. तिचं नाव टेक. थोड्या अवधीचं म्हणून घेतलेलं काम दहा वर्षं पुरलं. खिळे जुळवणाऱ्याच्या मुलाला या माणसाबद्दल जिव्हाळा वाटला, तर आश्चर्य नाही.

टेकची पहिली आवृत्ती १९७८मध्ये आली. वापरणाऱ्यांचा अनुभव पाहून कनूथ यांनी ती १९८२मध्ये पुन्हा मुळापासून लिहिली. मग तीन गोष्टी केल्या. पहिली, लेखन. वापरणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलंच, शिवाय अख्खा प्रोग्रॅम त्यामागच्या विचारासह माणसाने वाचावा अशा गद्यात मांडून १९८६मध्ये ग्रंथरूपात छापला. दुसरी, चाचणी. प्रोग्रॅमचा कानाकोपरा ढवळून निघेल अशी एक मुद्दाम वेडीवाकडी फाइल केली. कुणी टेक दुसऱ्या यंत्रावर नेला, तर त्या फाइलचं उत्तर कनूथ यांच्या उत्तराशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं, तर त्याला टेक म्हणायचं नाही. शिवाय चूक दाखवणाऱ्याला बक्षीस. सुरुवात २ डॉलर ५६ सेंटपासून, पुढे टेकमधल्या चुकांसाठी ते दरसाल दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटपर्यंत गेलं. सापडलेल्या चुकांची त्यांनी नोंदवही ठेवली आणि १९८९मध्ये ती यादी प्रसिद्धही केली. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडताना लेखक किती आढेवेढे घेतात, हे मी छापखान्यात पाहिलं आहे. इथे लेखक स्वतः शुद्धिपत्राचा लेख करतो.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. १९८९मध्ये युरोपातल्या लोकांनी तक्रार केली, की टेकला १२८ चिन्हांपलीकडचं समजत नाही, आमच्या भाषांचे स्वरचिन्ह असलेले वर्ण त्यात मावत नाहीत. कनूथ यांनी ती रास्त मानली, मर्यादा २५६वर नेली आणि तिसरी आवृत्ती काढून दार लावून घेतलं. यापुढे नवीन काही नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. त्या आवृत्त्यांचे क्रमांक पाय या गणिती संख्येकडे सरकत जातात : ३.१, ३.१४, ३.१४१. २०२१मध्ये आलेल्या दुरुस्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३. आपल्या मृत्यूनंतर तो पाय करावा आणि पुढे काही बदलू नये, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. नवं हवं असेल त्याने खुशाल करावं, पण नाव दुसरं द्यावं. आणि लोकांनी केलं. नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१मध्ये टेकमधून देवनागरी छापायची सोय केली. २००४मध्ये जोनाथन क्यू यांचा झीटेक आला, त्यात युनिकोड देवनागरी सरळ लिहिता येते. मूळ खांब हलला नाही, म्हणून शेजारी नवी खोली बांधता आली.

पण श्रोतेहो, खांब हलवायची वेळ येतच नाही असं मात्र नाही. इथे मी माझ्या मित्राच्या सीडीकडे परत येतो. भाच्याचा प्रोग्रॅम होता पायथन भाषेत. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१मध्ये लोकांपुढे ठेवली. २०००मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि डिसेंबर २००८मध्ये तिसरी. तिसरी जाणूनबुजून दुसरीशी फटकून होती. छापण्याच्या आज्ञेला आता कंस लागू लागला, भाच्याचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीला अडला तो त्यामुळे. अशी चूक परवडते, कारण ती ओरडून सांगते. ओरडत नाही तिची धास्ती जास्त. सातला दोनाने भागा म्हटलं, तर जुनी आवृत्ती तीन म्हणायची, नवी साडेतीन म्हणते. प्रोग्रॅम चालतो, उत्तर बदलतं.

मग कनूथ शहाणे आणि व्हान रॉसम उतावीळ, असं म्हणून मोकळं व्हावं का? माझा कवीचा पिंड मला तसं म्हणू देत नाही, आणि कारण मराठीशी संबंधित आहे. 'कविता' हा शब्द घ्या. साध्या मजकुराच्या रूपात तो जुन्या पायथनला दिला आणि लांबी विचारली, तर युनिकोडच्या रूढ साठवणीत उत्तर यायचं १५. कारण ती भाषा अक्षरं मोजत नव्हती, संगणकाच्या साठ्यातले बाइट मोजत होती, आणि देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. नवी आवृत्ती पाच म्हणते : क, व, वेलांटी, त, काना. माझ्या कानाला अजूनही तीनच अक्षरं ऐकू येतात, पण पंधरापेक्षा पाच बरे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नव्हती. आपल्याला, अरबी लिहिणाऱ्याला, चिनी लिहिणाऱ्याला पावलोपावली जाणवत होती. तेव्हा बदल न्याय्य होता, आणि त्यात आपला वाटा होता.

न्याय्य असूनही त्याची किंमत मोठी पडली. लोकांचं लक्षावधी ओळींचं लेखन जुन्या आवृत्तीत होतं. एकजण थांबला म्हणून दुसरा थांबला, कारण दुसऱ्याचा प्रोग्रॅम पहिल्याच्या आधारावर उभा. दहा-बारा वर्षं दोन पायथन शेजारी शेजारी नांदले, भजनी मंडळातल्या दोन पुस्तिकांसारखे. जुन्या आवृत्तीची देखभाल २०१५पर्यंत ठरली होती, ती २०२०पर्यंत वाढवावी लागली. काढून टाकलेली एक जुनी खूण २०१२मध्ये परत घ्यावी लागली, म्हणजे दोन्ही आवृत्त्यांत चालेल असं लिहिणं लोकांना सोपं जावं. दुसऱ्या आवृत्तीची शेवटची प्रत निघाली एप्रिल २०२०मध्ये. आता पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते. आधी काही महिने चाचणीच्या प्रती निघतात, त्या टप्प्यानंतर नवी भर बंद होते, आणि एखादी जुनी सोय काढायची तर आधी इशारा देऊन काही काळ थांबायचं असा दंडक आहे.

हा अनुभव आजूबाजूच्यांनीही पाहिला. गूगलमध्ये घडलेली गो ही भाषा २००९मध्ये जाहीर झाली, तेव्हा ती सारखी बदलत होती. मार्च २०१२मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली आणि सोबत एक लेखी वचन : या व्याकरणानुसार लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्या मालिकेतल्या पुढच्या आवृत्त्यांतही चालेल. भाषेत जेनेरिक्स नावाची मोठी सोय हवी अशी मागणी वर्षानुवर्षं होती. ती दिली गेली २०२२मध्ये, जुन्याला धक्का न लावता कशी द्यायची हे सापडल्यावर. रस्ट या भाषेची पक्की आवृत्ती मे २०१५मध्ये आली. तिची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी निघते. ऐकून मला धडकी भरली होती. पण त्यांनी तजवीज केली आहे. नव्या आवृत्तीने काही बिघडेल अशी शंका असली, की लोकांनी जाहीर केलेले हजारो प्रोग्रॅम तिच्यातून घालून पाहतात. व्याकरणात खरोखर बदल हवा असेल, तर तो दर तीन वर्षांनी, वेगळ्या नावाच्या पर्वात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपण कोणत्या पर्वातले हे सांगायचं. २०१५च्या पर्वातला आणि २०२१च्या पर्वातला असे दोन तुकडे एकाच प्रोग्रॅममध्ये गुण्यागोविंदाने राहतात. जुनी पुस्तिका हातात असलेला आणि नवी हातात असलेला एकच अभंग म्हणतात. क्रमांक पक्का असला की हे जमतं.

या साऱ्या इतिहासातून मी एवढं समजलो, की नवी आवृत्ती ही अमानत असते. आमच्याकडे अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली ठेव. भाषा बनवणाऱ्यांना वाटतं, आपण लोकांना काही देतो आहोत. खरं तर लोकांनीच आपलं लिहिलेलं त्यांच्याकडे ठेवलेलं असतं. नवं देताना ते जपायचं, तर तीन कामं करावी लागतात. जुनं मोडू नये, आणि मोडणं भाग असेल तर आधी सांगावं. म्हटलं तसं घडतं की नाही, हे तपासावं. आणि सगळं लिहून ठेवावं. या कामांना टाळ्या पडत नाहीत. प्रूफं तपासणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर कुठे असतं?

सीडीचं काय झालं ते सांगून थांबतो. एका रविवारी भाचा घरी आला. कंस घालणं पाच मिनिटांचं काम निघालं, पण जुने बाइट आणि नवी अक्षरं यांची सांगड घालायला दिवस गेला. संध्याकाळी कविता पडद्यावर आल्या. वहिनींचे डोळे भरून आले. मी मात्र अब्बांच्या सवयीने ताडून पाहायला बसलो. मित्राच्या काही कविता दिवाळी अंकांत आल्या होत्या, ते अंक समोर ठेवले. तिसऱ्याच कवितेत 'धर्म'ऐवजी 'धमर्' उमटलं होतं. रफार एक घर सरकला होता, आणि प्रोग्रॅमने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ते अंक हाताशी नसते, तर ही चूक त्याच्या नावावर संग्रहात छापली गेली असती, आणि खुलासा करायला तो नव्हता.

'हे रफाराचं तू २०११मध्ये कसं सोडवलं होतंस?' मी विचारलं. भाच्याला आठवेना. त्याने कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. पुन्हा शोधावं लागलं.

या वेळी मी त्याला उठू दिलं नाही. एक शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर तारीख आणि पायथनच्या आवृत्तीचा क्रमांक लिहिला. पुढे टंकाचा पूर्ण तक्ता, वेलांटी आणि रफार यांचे नियम, मग तपासून पाहायच्या वीस ओळी आणि त्यांची बरोबर उत्तरं. शेवटी थोडी कोरी पानं सोडली, पुढे कुणाला काही सापडलं तर त्याने तिथे लिहावं म्हणून. वहीची एक झेरॉक्स वहिनींनी नेली. ४१ कविता मिळाल्या. दोनांत काही ओळी फाइलमध्येच तुटलेल्या आहेत, तिथे आम्ही जागा रिकामी ठेवली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)